एकाच बाजूची काच

आठ फूट लांबीचा फिशटँक घरीच बांधायला निघालेला माणूस आधी एक साधा हिशेब करतो. मासे बघणार कुठून? समोरून. मग पाठीला, बाजूंना आणि तळाला महागडी काच कशाला? तिथे प्लायवूड चालतं. दुकानात ‘सातशे दहा’ म्हटलं की मरीन प्लाय समोर येतं; हा आयएस ७१० या मानकाचा आकडा. आठ बाय चारची अख्खी शीट तळाला बसते.

खरा हिशेब पाण्याचा. आठ बाय चारच्या टँकमध्ये तीन फूट पाणी म्हणजे सुमारे २,७०० लिटर. दर चौरस मीटरला ९०० किलोंहून जास्त भार. घराच्या खोलीचा स्लॅब साधारण २०० किलोंचा वापरभार धरून बांधतात. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या हौसेला इथेच नमस्कार.

समोरच्या काचेवर एकूण रेटा सुमारे एक टन. गंमत अशी, की टँक मागे कितीही खोल नेला तरी हा रेटा वाढत नाही. उंची मात्र फूटभर वाढवली की पावणेदोनपटीच्या वर जातो. म्हणून जाणकार माणूस टँक लांब-रुंद करतो, उंच करत नाही. काचही तो चौकटीच्या आतून बसवतो. पाणी बाहेर ढकलतं आणि त्याच रेट्याने काच सिलिकॉनवर घट्ट दाबली जाते. ज्याची भीती, त्यालाच कामाला लावायचं!

सगळ्यात कंटाळवाणं काम प्लायवूडला पाणी लागू न देणाऱ्या इपॉक्सीच्या लेपाचं, आणि टँक टिकतो तो त्यावरच. सांध्यांवर फायबरग्लासचं कापड, वर इपॉक्सीचे दोन-तीन हात. आपल्याकडे हे पावसाळ्यात करू नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. तो धुऊन, घासून काढल्याशिवाय वरचा हात नीट धरत नाही.

टँक फुटणं मोठ्यांनाही चुकत नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलातला ॲक्वाडोम हा दहा लाख लिटरचा फिशटँक १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटला, तेव्हा आतले सुमारे दीड हजार मासे पाण्याबरोबर वाहून गेले. घरचा टँक म्हणूनच आधी अंगणात काठोकाठ भरून आठवडाभर ठेवायचा. सांध्यांखाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचं. ओल आली की कागद लगेच सांगतो.

गळती नाही, टँक घरात आला, दिवे लागले, तरी मासे सोडायचे नाहीत. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला महिना-दीड महिना जातो. तोवर आलेला प्रत्येक पाहुणा काचेला नाक लावून एकच विचारतो, “अहो, मासे कुठायत?”