दादाजींची वही

मुंबईत जिमखाने, पुण्यात क्लब. आमच्या परभणीत चार माणसांत बसायचे तर अब्बा संध्याकाळी वाचनालयात जात. श्री गणेश वाचनालय 1901 सालचे, म्हणजे निजामाच्या राजवटीतले. तेव्हा सरकारी कामकाज उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, आणि सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. अशा दिवसांत मराठी वाचणाऱ्यांना एकत्र बसायला वाचनालयासारखी दुसरी जागा नव्हती.

आम्हा भावंडांना अब्बा पहिल्यांदा तिथे घेऊन निघाले, तेव्हा दादी दारात उभी राहिली. “उधर अपने बच्चां बैठते क्या?”

अब्बा चपला घालता घालता म्हणाले, “मैं बैठा. अब्बाजी भी बैठते थे.”

दादी पुढे काही बोलली नाही. मराठी वाचनाची गोडी आम्हाला तिथेच लागली.

पण एक गोष्ट आमच्या हातून निसटली. मरहूम दादाजींची उर्दूतली वही घरात आहे, आणि आमच्यापैकी एकालाही ती वाचता येत नव्हती. शाळा मराठी, पुस्तके मराठी. उर्दू फक्त बोलण्यात उरली.

ज्यांच्या नावाचे सभागृह आपल्या गावात आहे, ते बी. रघुनाथ परभणीतच नोकरीला होते. दिवसा निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी, घरी मराठी कविता आणि कादंबऱ्या. 1953 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. त्या पिढीला दोन्ही लिप्या येत, दादाजींनाही येत. आम्ही मात्र एकीवरच थांबलो.

अब्बांची नजर आता कमी होत चालली आहे. म्हणून गेल्या रमजानपासून तरावीहनंतर ते भिंग धरून वही वाचतात आणि आम्ही देवनागरीत उतरवून घेतो. बहुतेक पानांवर कापसाचा हिशेब आहे. एका पानावर मात्र एवढेच आहे : ‘आज वाचनालयात गेलो. गाडीला उशीर, पेपर आला नाही. तरी मगरीबपर्यंत बसलो.’

पेपर नसतानाही दादाजी तिथे बसले होते. अब्बांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचून दाखवले.

आता आमची मुले वाचनालयाची सभासद आहेत, आणि रविवारी सकाळी अब्बांसमोर बसून अलिफ-बे गिरवतात. अजून अर्धी वही बाकी आहे. अब्बांची नजर तोवर टिकावी, एवढीच दुआ.