शीड चढवण्याआधी

यांत्रिक नौकांवर १ जूनपासून मासेमारीबंदी असते. बिनइंजिनाच्या होडीला ती लागू नाही, तरी आमची शिडाची होडी नारळी पौर्णिमेआधी पाण्यात उतरत नाही.

आज होडीवरचं झापांचं छप्पर काढलं. बाबा हातोडीने फळ्या ठोकत फिरले. बद्द आवाज आला की लाकूड कुजलेलं. सांधे उकरून तेलात भिजवलेला कापूस ठासला, वर राळ. हे काम घाईचं नाहीच. लाकूड पाण्यात फुगतं. कापूस फार घट्ट बसला, तर फळ्यांवर ताण येतो. मग शिडाची शिवण तपासली, डोलकाठीचे दोर बदलले.

तुमच्या गावात अशी होडी उरली असेल, तर सांधे भरणाऱ्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसा. त्याच्याकडून हे काम शिकून घ्या.