जोडून घातलेलं अंथरूण

हाती पैसा बेताचा असला की पहिला सल्ला मिळतो तो अंथरूण पाहून पाय पसरायचा. सल्ला खोटा नाही. घरभाडं, किराणा, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं भागल्यावर जे उरतं, त्यात हॉटेल, मल्टिप्लेक्स आणि सहल बसवायची तर कुठे ना कुठे हात आखडावा लागतोच. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. विरंगुळा ज्याने त्याने आपापल्या खिशातून विकत घ्यायचा, हे ते गृहीतक, आणि मला ते मान्य नाही. महाराष्ट्रात बेताच्या पगारावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं वाचत आली, नाटकं बघत आली, व्याख्यानांना गर्दी करत आली. एकेकट्याच्या काटकसरीने हे जमलं नसतं. अनेक घरांनी आपली अंथरुणं जोडून घातली, म्हणून पाय पसरायला जागा झाली. फुरसतीतला आनंद स्वस्त होतो तो वाटून घेतल्याने. आणि वाटून घ्यायच्या जागाच आटत गेल्या, तर कितीही पै-पै वाचवली तरी आनंद काही पदरात पडत नाही.

मुळात फुरसतसुद्धा कुणाला एकट्याने मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, मागणी लावून धरली; १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या प्रत्येकावर त्या लढ्याचं ऋण आहे. पुढे १९५३ मध्ये मुंबई राज्यात कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि त्यांनी न उचललेली देणी मालकाने गिळायची नाहीत, ती या निधीत भरायची. त्यात कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीची भर पडायची. या पैशातून कामगार वस्त्यांमध्ये कल्याण केंद्रं चालली, वाचनालयं उघडली, नाट्यस्पर्धा भरल्या. उशिरा आला म्हणून दंडापोटी कापलेले, कुणा जॉबरच्या म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या हाताखालच्या माणसाचे पैसे शेवटी कुणाच्या तरी तालमीच्या दिव्याला लागले. ज्याला एकट्याला नाटकाचं तिकीटही परवडलं नसतं, तो अशा केंद्रामुळे रंगमंचावर उभा राहिला.

या वाटून घेतलेल्या आनंदाचं सगळ्यात टिकाऊ रूप म्हणजे गावोगावचं सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीचं १८२८ मधलं, नाशिकचं १८४० मधलं, पुण्याचं १८४८ मधलं आणि ठाण्याचं १८९३ मधलं. राज्याचा ग्रंथालय कायदा तर १९६७ साली आला. म्हणजे सरकारी अनुदानाच्या कितीतरी आधी लोकांनी वर्गणी काढून हा संसार थाटला होता. आणि ही एकच वास्तू माणसाला आयुष्यभर पुरते. लहानपणी बालविभागातली पानं सुटलेली, पुन्हा शिवलेली गोष्टींची पुस्तकं. वयात आल्यावर अभ्यासिकेतलं टेबल. संसाराला लागल्यावर आठवड्याला बदलून आणायची कादंबरी. आणि निवृत्तीनंतर सकाळी आठाच्या ठोक्याला काठीत अडकवलेलं वर्तमानपत्र. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला फराळाबरोबर अंक हवा, ही मराठी घरांची हौस. आज एकेका अंकाला तीन-चारशे रुपये पडतात. दहा अंक घ्यायचे तर मध्यमवर्गीय घरालाही जड जातं. वाचनालयाची दिवाळी अंक योजना इथे कामी येते. एका अंकाच्या किमतीच्या आसपास पैसे भरायचे आणि संक्रांत उलटून जाईपर्यंत एकामागून एक अंक घरी न्यायचे. खाकी कव्हर घातलेला, कोपरे दुमडलेला, शब्दकोडं कुणीतरी आधीच पेन्सिलीने सोडवलेला तो अंक नव्या अंकाइतकाच वाचनीय असतो. यात कुणावर उपकार नाहीत. ज्याने त्याने थोडं भरलं आणि प्रत्येकाला पुष्कळ मिळालं, इतकाच त्याचा साधा हिशोब.

यावर लगेच म्हटलं जाईल की हा हिशोब आता जुना झाला. स्वस्त डेटा आणि हातात मोबाइल असल्यावर गाणी, सिनेमे, व्याख्यानं सगळं घरबसल्या मिळतं. मग वर्गणी कशाला? मोबाइलने खूप दिलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आडगावच्या मुलीला आज ज्या मैफली ऐकता येतात, त्या तिच्या आजीच्या स्वप्नातही नव्हत्या. पण तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाकडे आशयाइतकीच जागेचीही चणचण असते. एका खोलीत पाचजण राहतात, एक टीव्ही, एक पंखा. तिथे निवांत बसायला कोपरा नसतो. वाचनालयाचं बाक, बागेतला पार, मैदानाचा कट्टा ही त्या घराचीच वाढीव खोली असते. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी नजर टाकावी: गप्पा मारणारी पोरं, हातात हात घेऊन बसलेली जोडपी, चालून दमलेले आजोबा, आणि आत नेटमध्ये फलंदाजी करणारी मुलं. त्यातल्या कितीजणांना घरी इतकी मोकळी हवा मिळत असेल? शिवाय पडद्यावरच्या करमणुकीत माणूस प्रेक्षकच राहतो. कट्ट्यावर त्याच्या असण्यालाही मोल असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गरिबांनी वाचनालयात बसावं आणि श्रीमंतांनी स्वित्झर्लंडला जावं, अशी ही समजूत घालणं तर नव्हे? आणि जो माणूस लोकलमध्ये चार तास आणि कामावर दहा तास घालवतो, त्याने व्याख्यान ऐकायचं कधी? प्रश्न रास्त आहे. वेळच नसेल तर बाग काय नि ग्रंथालय काय. म्हणून कामाच्या तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुटी या मागण्या आधी येतात. त्याचबरोबर वाचनालयं कामावरून परतणाऱ्यासाठी रात्री उघडी असली पाहिजेत. समजुतीबद्दल म्हणायचं तर कसोटी सोपी आहे: ज्याला परवडतं, तोही तिथे येतो का? न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला या कसोटीला उतरली, कारण तिथे वकील आणि कारकून एकच भाषण ऐकत होते. सुखवस्तू लोक ज्या जागा सोडून जातात, त्या जागांची आबाळ होते. तिथल्या गळक्या छपराबद्दल बोलणारं वजनदार तोंड उरत नाही.

मग प्रश्न येतो पैशाचा. देखभाल फुकट होत नाही, हे खरंच आहे. पण खर्च कुणी आणि कसा उचलायचा, हे आपण ठरवतो. पेंग्विन आल्यावर २०१७ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेचं प्रौढांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं. आईवडील आणि दोन मुलांना मिळून शंभर, अशी सवलत ठेवली गेली; म्हणजे कुटुंबाच्या खिशाचा विचार करावा लागतो, हे पालिकेलाही पटलं होतं. तरीही रोजंदारीवर जगणाऱ्या घराने दर रविवारी सहज जावं, अशी ती जागा उरली नाही. याउलट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. जत्रेला, माहेरी किंवा पंढरीला निघालेल्या बाईचा निम्मा खर्च इथे सगळ्यांनी मिळून उचलला. पहिल्या वाटेने खर्च फाटकाशी उभ्या राहिलेल्या माणसावर पडतो, दुसऱ्या वाटेने तो समाजात विभागला जातो. मला दुसरी वाट न्याय्य वाटते. म्हणून ज्यांना पुस्तकं विकत घेणं परवडतं, त्यांनीही गावच्या वाचनालयाचं सभासद व्हावं, मैदानावर पार्किंग येऊ लागलं तर हरकत नोंदवावी, आणि नगरसेवकाकडे रस्त्याइतक्याच हक्काने बागेतला दिवा मागावा. बेताच्या मिळकतीतही माणसाने मन भरून जगावं असं वाटत असेल, तर त्याला काटकसर शिकवण्याआधी ही वर्गणी आपण भरली पाहिजे.