एक पडदा पुढे

भिलाईच्या मरोदा सेक्टरमधील आमच्या क्वार्टरात दोन वाद्ये होती. एक आईची पेटी. ती तिच्या लग्नाबरोबर नागपूरहून आलेली आणि बहुतेक काळ पलंगाखाली सतरंजीत गुंडाळलेली असे. दुसरी माझी गिटार, शेजारच्या बंगाली कुटुंबाने कलकत्त्याहून आणवून दिलेली. ही 1976 सालची गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली आणि तिच्यामागोमाग देशभरातून माणसे आली. आमच्या एका ओळीतच पाच-सहा भाषा नांदत. राजहऱ्याच्या खाणीतून लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्या मरोदा स्टेशनावरून जात, तेवढा आवाज सगळ्यांचा सामाईक. नागपूर 1956 पर्यंत या मुलखाचीही राजधानी होते. त्यामुळे आपण परक्या प्रदेशात आलो आहोत, असे बाबांना कधी वाटले नाही. आईला वाटले असावे. भातखंडे पद्धतीने परीक्षा देत देत ती बरीच पुढे गेली होती. ते सारे नागपुरातच राहिले.

शेजारचे बंगाली काका हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवीत. मला ते नको होते. ‘हरे रामा हरे कृष्णा’ 1971 मध्ये येऊन गेला होता आणि ‘दम मारो दम’मधल्या गिटारने आमच्या पिढीच्या मुलांना वेड लावले होते. ओळीच्या टोकाला राहणाऱ्या एका मल्याळी मुलाने मला आलेखाच्या कागदावर सहा रेघा आखून दिल्या आणि त्यांवर बारा ठिपके मांडले. सहाव्या तारेवर पाचवा व आठवा पडदा. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर पाचवा व सातवा. शेवटच्या दोन तारांवर पुन्हा पाचवा व आठवा. याला तो ‘बॉक्स’ म्हणे. या ठिपक्यांवरून बोटे फिरव, लीड आपोआप येईल, असे त्याचे आश्वासन होते. मी दोन महिने रोज संध्याकाळी वर-खाली फिरलो. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, वेग आला. लीड आले नाही.

गिटार मिळवताना मी आईच्या पेटीचा आधार घेई. तेवढ्यापुरती ती पलंगाखालून बाहेर येई. पाचवी तार पांढरी सहाशी जुळवायची, मग बाकीच्या. एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “हा धानी आहे, माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हते. तिने पदराला हात पुसले, पेटीपाशी बसली आणि माझे पाच स्वर वाजवून दाखवले : सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. मग तेच पाच स्वर तसेच ठेवून तिने गंधाराला षड्ज मानले आणि भूप उभा राहिला. मध्यमाला षड्ज मानताच मधमाद सारंग, पंचमावरून मालकंस, निषादावरून दुर्गा. मल्याळी मित्राच्या वहीत गिटारच्या दांड्यावर पसरलेल्या पाच आकृत्या होत्या. आमच्याकडे त्याच विचाराला मूर्च्छना हे नाव आहे. एवढे विद्वत्तेने मी आज लिहितो. त्या वेळी मी फक्त तिच्या बोटांकडे पाहत होतो. ती इतकी जलद चालतील, हे मला ठाऊक नव्हते.

“तू पलटे घोटतो आहेस,” ती म्हणाली. “पलट्यात सगळे स्वर सारखे असतात. गाण्यात नसतात. थांबायचं कुठे ते ठरव.” आणि तिने गाऊन दाखवले. धानीचा वादी स्वर गंधार. ती वरून मध्यमाला स्पर्श करून त्यावर आली आणि तिथेच राहिली. माझ्या बॉक्समध्ये तो तिसऱ्या तारेवर, पाचव्या पडद्यावर, पहिल्या बोटाखाली होता. रोज शंभरदा मी तो ओलांडून पुढे गेलो होतो.

“वाजव माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

मी वाजवले आणि सारे बेसूर झाले. तिची पट्टी काळी पाच होती. माझे ठिपके पांढऱ्या सहाचे. तिने दोनदा पुन्हा सुरुवात केली. मी कागद पाहिला, बोटे पाहिली आणि म्हणालो, “तुझी पट्टी माझ्या बॉक्समध्ये बसत नाही.”

“बरं,” आई म्हणाली. तिने भाता बंद केला आणि ती आत गेली. भाजी लागली होती, हेही खरे. तिचे गाणे मी त्यानंतर ऐकले नाही.

पीएच.डी.च्या काळात वसतिगृहातील एक मुलगा गात होता आणि दुसरा गिटारवर साथ करीत होता. गाणाऱ्याने मध्येच पट्टी चढवली. वाजवणाऱ्याने गप्पा न थांबवता हात तसाच्या तसा एक पडदा पुढे सरकवला. काळी पाच ही पांढऱ्या सहाच्या लगतची पट्टी आहे; पाचव्या पडद्याऐवजी सहावा. सारी आकृती जशीच्या तशी सरकते. मला एवढेच करायचे होते.

आईला हे पत्रात लिहावे असे वाटले. लिहिले नाही. त्याच वर्षी मी एका नव्या कवीच्या पहिल्या संग्रहावर परीक्षण लिहिले. त्याची लय माझ्या कोणत्याही चौकटीत बसत नव्हती, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. परीक्षणाचे कौतुक झाले. कवीचा दुसरा संग्रह आला नाही. माझ्यामुळेच आला नाही, असे समजणे ही समीक्षकाची बढाई ठरेल. पण ते वाक्य मी घरीच शिकलो होतो, हे मला ठाऊक आहे.

आई 1998 मध्ये गेली. बाबांच्या निवृत्तीबरोबर क्वार्टर आधीच सुटले होते. पेटी माझ्याकडे आहे. निवृत्तीनंतर गिटारला नव्या तारा चढवल्या आणि पंचेचाळीस वर्षांनी पहिले बोट सहाव्या पडद्यावर ठेवले. बोटांना जुना रस्ता आठवतो. ती धावू पाहतात. मी त्यांना तिसऱ्या तारेवर, गंधारावर अडवतो. गिटारचा स्वर पेटीसारखा धरून ठेवता येत नाही, काही क्षणांत विरतो. विरला की पुन्हा छेडतो.