वाफेवर फुगलेले

रविवार, नेहरू नगर. इंग्लंडातल्या लीड्सहून सुट्टीवर आलेल्या लेकाने आज यॉर्कशायर पुडिंगचा घाट घातला. नाव पुडिंग, पण साखरेचा कणही नाही. भाजलेल्या मांसाबरोबर, रश्शात बुडवून खायचे. अंडी, दूध, मैदा सारख्याच मापाने. धिरड्यासारखे सरसरीत पीठ. साच्यांत तेल घालून ते ओव्हनमध्ये चांगले कडकडीत तापवले, मग पीठ सोडले. चर्र! कडा तिथल्या तिथे फुलल्या.

"आई, आता दार उघडू नकोस हं!"

मी काचेतून बघत बसले. सोडा नाही, यीस्ट नाही. नुसत्या वाफेवर पीठ वाटीसारखे वर आले, मधे खळगा ठेवून.

लेक सांगत होता, पूर्वी तिकडे विस्तवापुढे फिरणाऱ्या मांसाखाली पिठाचे भांडे ठेवत, ठिबकणारी चरबी त्यात मुरे. हॅना ग्लास या लेखिकेच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात ही कृती आहे. मांस महाग, म्हणून आधी हेच वाढून पोटाला आधार द्यायचा. हे ऐकून मला फार जवळचे वाटले. ताटात थोडे असले की कोणतीही आई हेच करते.

एरवी आमचा रविवार बाफल्यांचा: कणकेचे गोळे उकडायचे, भाजायचे, तुपात बुडवायचे. आज खळग्यात कोंबडीचा रस्सा ओतला. कड कुरकुरीत, तळ लुसलुशीत.

उरलेली दोन रात्रीच्या वरणासाठी झाकून ठेवली आहेत.