आधी ट्यूब दाखवा

त्वचारोगतज्ज्ञ म्हटलं की लोकांना लेसर, मुरमं आणि गोरेपणाची क्रीमं आठवतात. मेडिकलच्या विद्यार्थ्यांतही या शाखेची ख्याती 'रात्रीचा फोन नाही, पैसा बरा' अशीच. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात काम करताना ही ख्याती मला फसवी वाटते. एमबीबीएसनंतरच्या तीन वर्षांच्या एमडीत त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तीन विषय असतात आणि तालुक्याच्या ओपीडीत तिन्ही लागतात. इथला त्वचारोग पुष्कळदा कामातून नाहीतर राहणीतून आलेला असतो. गवंड्याच्या हाताच्या भेगांमागे सिमेंटमधलं क्रोमेट असू शकतं. गाजरगवताची ॲलर्जी झालेल्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू काळवंडून जाड होते. हे गवत देशात पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते १९५५च्या सुमारास पुण्यातच. ऊसतोड मजुरांच्या कोपीत एकाला खरूज झाली, तर सगळ्यांनी एकाच रात्री गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत औषध लावायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं, नाहीतर ती घरातच फिरत राहते. त्यामुळे चिठ्ठी लिहिण्याआधी 'काम काय करता, घरात आणखी कोणाला खाजतंय' हे विचारण्यातच आमचं निम्मं डॉक्टरपण असतं.

उरलेलं निम्मं 'आजवर काय लावलंत?' या प्रश्नात. पिशवीतून निघणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीभर घामेजलेल्या कामगाराच्या जांघेतला नायटा खरं तर नजरेने ओळखता यावा: लाल, खवल्यांची कड आणि मधे निवळलेली कातडी. स्टेरॉइडने ती कडच पुसट होते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत जाते आणि पुढे कातडी पातळ होऊन चिरल्यासारखे वळ उठतात, ते कायमचे. मग खवले ब्लेडने खरवडायचे, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. त्यात आता टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी बुरशी देशभर आढळते आहे.

'खाज थांबली ना, मग बिघडलं काय?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दवाखान्यात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि मेडिकलवाला कोपऱ्यावरच असतो. पण हिशोब पुरा मांडायला हवा: दर पंधरवड्याला नवी ट्यूब, घरात आणखी दोघांना लागण, शेवटी लांबलेल्या गोळ्या. २०१८मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली; काउंटरवर ती क्वचितच आठवते. दुसरा आक्षेप, कातडीच्या रोगाने कोणी मरत नाही. गोळीच्या रिॲक्शनने अंगभर कातडी सुटू लागलेल्या रुग्णाला पुण्याच्या ससून रुग्णालयात वेळेत पोचवावं लागतं, तेव्हा हे वाक्य कोणी म्हणत नाही.

आणि जे खाजत नाही, त्याची धास्ती मला जास्त वाटते. २००५च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. रोग संपला नाही. फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल, तर त्यावर कुठलंही मलम लावू नका, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सहा किंवा बारा महिन्यांचं औषध तिथे फुकट मिळतं.