वजन कुठून गेलं?

मागच्या दिवाळीला नातवाने मला वजनाचा काटा आणून दिला. काचेचा, चौकोनी, पोळपाटापेक्षा थोडा मोठा. वर उभं राहिलं की लगेच आकडा. "आजी, रोज सकाळी चहाच्या आधी यावर उभी राहा आणि वहीत लिहून ठेव," असं बजावून तो बंगलोरला निघून गेला. जन्मभर हजेरीपट भरलेली बाई मी! वही म्हटल्यावर काय विचारता? शंभर पानी वही आणली, तारीख, वजन, शेरा असे तीन रकाने आखले आणि कामाला लागले.

साखर काठावर आहे, थोडं वजन उतरवा, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा माझं वजन होतं ६४ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. मी रात्रीचं जेवण म्हणजे नुसतं भाज्यांचं सूप करून टाकलं. उसळी "जड पडतात" म्हणून कमी केल्या, दूध बंद केलं. संध्याकाळी केसरीवाड्यावरून पत्र्या मारुती, पुढे लकडी पूल आणि परत, अशी फेरी सुरू केली. अक्षय्य तृतीयेला काट्याने ५९.५ दाखवलं. साडेचार किलो! शेऱ्याच्या रकान्यात मी चक्क "उत्तम" असं लिहिलं. लाल शाईने.

वाड्याच्या जागी झालेल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "काय बाई, बारीक झालात?" मीही वरवर "छे हो" म्हणायची आणि आतून फुगायची. (हे फुगणं काट्यावर दिसत नाही.)

तर झालं असं, की मे महिन्यात भाचीच्या मुलाची मुंज होती. नवी पैठणी नाही, जुनीच, पण तिच्यावर ब्लाउज नवा हवा. लक्ष्मी रोडच्या एका गल्लीत आमचा नेहमीचा शिंपी आहे. चौथीत माझ्या वर्गात होता. आता त्याचेच केस पांढरे झालेत, पण मला अजून "बाई" म्हणतो. त्याच्याकडे मापांची जाडजूड वही आहे. मी ऐटीत म्हटलं, "जुनं माप चालणार नाही रे आता. पाच किलो उतरलेय मी." (अर्धा किलो वाढवून सांगितला, खोटं कशाला बोलू.)

त्याने टेप लावली, मुलीने मापं घेतली, याने वहीत बघितलं आणि म्हणाला, "बाई, कंबर तेवढीच आहे. दंडघेर मात्र साडेबारा होता, तो सव्वाअकरा भरतोय. बाही आत घ्यावी लागेल, खाली तसंच ठेवू."

मला राग आला. टेप नीट धरली नसेल म्हणून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. घरी येऊन शिवणाच्या मशीनच्या खणातली माझी जुनी टेप काढली आणि दार लावून स्वतः मोजलं. दिवाळीत, काटा आला त्या दिवशीच, नातवाने हौसेने एकदा पोटाचंही माप घेऊन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: ९१ सेंटिमीटर. आता भरलं ९०. साडेचार किलो गेले आणि पोटावरून गेलं फक्त एक बोट! मग बाकीचं गेलं कुठून?

मुलांना मी गमतीने विचारायची, एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? निम्मा वर्ग लोखंड म्हणून ओरडायचा. इतकी वर्षं हा प्रश्न विचारून मी स्वतःच त्यात नापास झाले होते. किलो म्हणजे किलो हे खरं, पण किलो कशाचा? काट्याला ते कळत नाही. हाडं, मांस, चरबी, पाणी, सकाळी पोटात असलेलं सगळं तो एकत्रच तोलतो. उपास सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं दीड किलो उतरलं होतं. आता कळतं की त्यातलं बरंचसं पाणी. शरीर साखरेचा एक साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की साठा संपतो, पाणी निघून जातं आणि आपण पेढे वाटतो. लोणचं-पापड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा किलो वाढतं तेही पाणीच. माझ्या वहीत त्या दिवसांपुढे "निष्काळजीपणा" असे शेरे आहेत. बिचारी मी.

पण हे सगळं गमतीत सांगण्यासारखं नाही, आणि ज्यासाठी लिहायला बसले ते आता सांगते. घरच्यांपैकी जे वाचत असतील त्यांना ताई आठवत असेल.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सत्तरी ओलांडल्यावर ती हळूहळू बारीक होत गेली. आधीची ती चांगली अंगाने भरलेली. प्रत्येक लग्नाकार्यात आपण तिला म्हणायचो, "ताई, काय छान बारीक झालीस! काय करतेस सांग की." मीही म्हणायची. ती हसायची. पोट तिचं होतं तेवढंच होतं, पण पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या, आणि जमिनीवरून उठताना तिला दोघींचे हात लागायचे. ते आपण वयावर टाकलं. एका पहाटे ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती धड चालली नाही, आणि पुढच्या संक्रांतीला ती नव्हती. कोणाची चूक होती असं मी म्हणत नाही. पण आपण जिचं कौतुक करत होतो ते तिचं बळ चाललं होतं, हे त्या दिवशी हातात टेप धरून उभी असताना माझ्या डोक्यात आलं, आणि मी खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी वही आणि टेप दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, वही राहू दे, आधी हे करा. एक साधी खुर्ची दिली, हात छातीवर घडी घालायला सांगितले आणि पाच वेळा उठून बसायला लावलं. घड्याळ लावून. मला १६ सेकंद लागले, तेही शेवटच्या वेळी तोल सावरत. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांतलं बळ कमी झालंय असं समजायचं. मग पोटरीचा घेर मोजला, ३१.५. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत बायकांची पोटरी ३३ सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ३४ च्या आत असेल तर स्नायूंची झीज तपासायला सांगितलं आहे. म्हणजे पाच महिने मी जिला प्रगती म्हणत होते तिच्यातला मोठा वाटा हातापायांच्या मांसाचा होता. उपाशी राहून आणि नुसतं चालून या वयात वजन उतरवलं की चरबीबरोबर मांसही जातं. तरुणपणी गेलेलं भरून येतं, सत्तरीत ते कष्टाने आणावं लागतं.

मी विचारलं, "मग पोट का नाही गेलं?" तेव्हा त्यांनी मला आपल्या पुण्यातलीच गोष्ट सांगितली, ती मी नंतर वाचूनही काढली. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पोटाचे अवयव लहान, दंडातलं मांस कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला रोड आणि आत चरबी, असं हे बाळ. जन्मापासूनच!

याहून मजेदार गोष्ट २००४ मधली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, तो बीएमआय म्हणतात तो, अगदी सारखा, २२.३. काट्याच्या हिशेबाने दोघेही उत्तम. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! स्वतःचं पोट असं जगासमोर मांडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. मी तर शिंप्यासमोरही अर्धा किलो वाढवून सांगते.

तो निर्देशांक तरी कुठला? केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३२ साली माणसांच्या उंची-वजनाचं नातं मांडलं, त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये मिळालं. समाजाची सरासरी काढायला ते सूत्र सोयीचं. एकट्या माणसाच्या पोटात काय आहे हे सांगायला नव्हे. म्हणून भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या मर्यादांमध्ये कमरेचं माप वेगळं दिलं आहे: बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०. आणि टेपही नसेल तर एक सुतळी घ्या, आपल्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ती पोटाभोवती पुरली पाहिजे. माझी दुमडलेली सुतळी ७६ सेंटिमीटरची. पुरण्याचं नावच नको, चांगलीच जागा उघडी राहिली होती.

टेपही फसवते बरं का. मी पहिल्यांदा मोजताना श्वास आत ओढून धरला होता, फोटो काढताना धरतात तसा. बेंबीच्या वर धरली तर एक आकडा, खाली धरली तर दुसरा. नीट मोजायचं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपून त्यांच्या मधोमध टेप लावायची, मागेपुढे एका पातळीत, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही, आणि श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा बघायचा. रोज मोजून काही कळत नाही. महिन्यातून एकदा पुरे. मी चतुर्थीचा दिवस धरलाय, म्हणजे विसरत नाही.

आता वहीत रकाने वाढले. वजन आठवड्यातून एकदा, पोट, दंड आणि पोटरी महिन्यातून एकदा, आणि शेवटी खुर्चीचे सेकंद. काटा मी फेकून दिला नाही. न सांगता वजन झपाट्याने उतरायला लागलं तर तेही कळायला हवंच, नाहीतर मोठं दुखणं लपून बसायचं. फक्त त्याला एकट्याला आता निकालपत्रावर सही करू देत नाही.

खाणं बदललं. दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, वाटीभर दही, मूठभर दाणे किंवा फुटाणे, कधी पनीर. मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे रक्त तपासून बघितलं आणि मगच डॉक्टरांनी माझ्या वयाला किलोमागे एक ग्रॅमच्या वर प्रथिनं ठरवून दिली. सूप आहे, पण जेवणाआधी, जेवणाऐवजी नाही. फेरी चालू आहे. शिवाय एक दिवसाआड पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करते आणि खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठते. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखल्या की देवासमोर बसायची पंचाईत.

परवा चतुर्थीला सात महिने झाले. वजन ६०.३, म्हणजे मधल्या "उत्तम"पेक्षा आठशे ग्रॅम जास्त! जुन्या वहीप्रमाणे हा "निष्काळजीपणा". पण पोट ८६, पोटरी ३२.५ आणि खुर्ची ११ सेकंद. पोटाला अजून ८० गाठायचंय, पोटरीलाही ३३. घाई नाही.

ज्यांना टेपचाही कंटाळा आहे त्या माझ्या मैत्रिणींना सांगते, आपल्याकडे माप आहेच. साडी तेवढीच असते, पोट वाढलं की निऱ्या कमी येतात. माझ्या आईला तिच्या निऱ्या मोजून कळायचं. परकराची नाडीही खोटं बोलत नाही, गाठ पूर्वीच्या खुणेच्या कुठे पडते ते बघा. ताणून मोठं होणाऱ्या इलॅस्टिकने ही सोय घालवली. माझी निरी साधारण अर्धी वाढली आहे. अर्धी निरी म्हणजे काय, ते रोज साडी नेसणारीला विचारा.

आणि घरच्यांना एक विनंती. मला किंवा कुणाही म्हाताऱ्या माणसाला "बारीक झालात हो" असं लगेच म्हणू नका. आधी विचारा, जमिनीवरून उठता येतं का? परवा घरी सत्यनारायण झाला. आरतीला मी पाटावरून उठले. सुनेने सवयीने हात पुढे केला होता. तो मी धरला नाही, त्या हातात निरांजनाचं ताट दिलं.